आईच्या आईकडून आलेलं नाव: मटिल्डा

सन ११४१ मध्ये इंग्लंडच्या गादीसाठी दोन बायकांच्या फौजा एकमेकींशी झुंजत होत्या आणि दोघींचंही नाव मटिल्डा होतं. एक पहिल्या हेन्री राजाची मुलगी आणि जर्मन सम्राटाची विधवा. दुसरी स्टीफन राजाची बायको आणि बोलोनच्या जहागिरीची वारसदार. दोघी सख्ख्या मावसबहिणी. फेब्रुवारीत लिंकनच्या लढाईत पहिलीच्या माणसांनी स्टीफनला कैद केलं. सप्टेंबरात विंचेस्टरला दुसरीच्या फौजेनं पहिलीचा सावत्र भाऊ रॉबर्ट याला पकडलं. नोव्हेंबरात राजाच्या बदल्यात भाऊ असा सौदा ठरला आणि दोन्ही कैदी सुटले. इतिहासाची पुस्तकं एकीला ‘एम्प्रेस’ आणि दुसरीला ‘क्वीन’ म्हणून वेळ निभावून नेतात. पण एकाच घरात, एकाच पिढीत हे नाव इतक्या वेळा का यावं, याचा शोध घेतला की हाती फार मोठा ऐवज लागतो. राजवंशाचे जे तक्ते आपण पाहतो ते बापाकडून मुलाकडे उतरत येतात. मटिल्डा हे नाव मात्र कितीतरी वेळा आईकडून उतरलं आहे, आणि त्या तक्त्यांत ही वाट दिसतच नाही.

आधी नावाचे सांधे पाहू. जुन्या जर्मन भाषेत ते ‘माख्टहिल्ट’ असं काहीसं उच्चारत. ‘माख्ट’ म्हणजे ताकद, सामर्थ्य. आजच्या जर्मनमधला ‘माख्ट’ आणि इंग्रजीतला ‘माइट’ हे त्याचेच वंशज. ‘हिल्ड’ म्हणजे लढाई. जर्मानिक लोकांची बहुतेक प्रतिष्ठित नावं अशी दोन तुकड्यांची असत आणि ती जोडण्याचे नियम ठरलेले होते. नाव बाईचं की पुरुषाचं हे दुसरा तुकडा ठरवतो. हिल्ड, गुंड, बुर्ग, ट्रुड, लिंड हे शेवटी आले की नाव बाईचं. रिक, हार्ड, बाल्ड, वोल्फ, मुंड आले की पुरुषाचं. पहिल्या जागी मात्र कोणताही तुकडा चालतो. म्हणून हिल्डेगार्डमध्ये ‘हिल्ड’ पुढे आहे, तर ब्रुनहिल्डमध्ये मागे. दोन तुकडे मिळून सलग अर्थ निघालाच पाहिजे अशी अटही नव्हती. ‘सामर्थ्यवान रणरागिणी’ अशी भाषांतरं बाळांच्या नावांच्या यादीत शोभतात. ठेवणाऱ्यांचं लक्ष तुकडा कोणत्या नातेवाईकाकडून येतो आहे याकडे असे.

मराठी वाचकाला इथे एक मोह होतो: ‘माख्ट’ हा आपल्या ‘महत्’चाच भाऊ असणार. दिसतो तसाच, पण नातं तिथे नाही. संस्कृत ‘महत्’चं गोत्र ग्रीक ‘मेगास’ आणि लॅटिन ‘माग्नुस’ यांच्याशी जुळतं. मूळ अर्थ ‘मोठा’. ‘माख्ट’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ ‘शकणे, जमणे’ असा आहे आणि तो धातू वेगळा. व्युत्पत्तीत नुसतं ध्वनीचं साम्य पाहून सोयरीक जुळवली की अशी फसगत होते. आधी दोन्ही भाषांतले ध्वनिबदलाचे नियम लावून पाहायचे, साम्य त्यानंतर मोजायचं.

नाव मोठं झालं ते दहाव्या शतकात, सॅक्सनीत. रिंगेलहाइमची मटिल्डा ही डीट्रिख नावाच्या सॅक्सन काउंटची मुलगी. आईचं नाव राइनहिल्ड. म्हणजे ‘हिल्ड’ हा तुकडा आईच्या नावातही होता. पण अख्खं नाव आलं ते वडिलांच्या आईकडून. ही आजी मटिल्डा हेरफोर्डच्या मठाची मठाध्यक्षा होती आणि नात तिच्याच देखरेखीखाली वाढली. ९०९ मध्ये त्या मठातून निघून नातीचं लग्न झालं हेन्रीशी, जो दहा वर्षांनी जर्मनीचा राजा झाला. ९२९ च्या एका सनदेत हेन्रीनं तिच्या वैधव्यातल्या निर्वाहासाठी क्वेडलिनबुर्ग, प्योल्डे, नॉर्डहाउझेन, ग्रोने आणि डुडरश्टाट ही ठिकाणं लावून दिली. ९३६ मध्ये तो वारला. राणीनं त्याला क्वेडलिनबुर्गच्या टेकडीवर पुरलं आणि तिथेच बायकांचा मठ स्थापन केला. तिथला कारभार तिनं तीस वर्षं स्वतः पाहिला. १४ मार्च ९६८ ला ती गेली, तिथेच तिला पुरलं, आणि पुढे ती संत मानली गेली. तिचं चरित्र पुढच्या चाळीसेक वर्षांत दोनदा लिहिलं गेलं. राजघराण्याला या आजीची आठवण किती मोलाची वाटत होती, याचा याहून चांगला पुरावा मला दुसरा दिसत नाही.

नातवंडा-पतवंडांनी नाव उचललं. मुलगा ऑटो याची मुलगी मटिल्डा, जन्म ९५५, ही ९६६ मध्ये आजीच्या हयातीतच क्वेडलिनबुर्गची मठाध्यक्षा झाली. कोर्वाईच्या मठातल्या विडुकिंड या साधूनं सॅक्सन लोकांचा इतिहास लिहून अर्पण केला तो हिलाच. तिचा भाचा, म्हणजे तिसरा ऑटो, इटलीत गेला तेव्हा ९९७ पासून सॅक्सनीचा कारभार तिच्या हाती होता. ऑटोच्या मुलाची मुलगी, म्हणजे राणीची पणती मटिल्डा, जन्म ९४९, ही एसेनची मठाध्यक्षा. तिच्या काळात एसेनला घडवलेली सोन्याच्या पत्र्याची मेरीची मूर्ती अजून तिथल्या चर्चमध्ये आहे. या दोघी अविवाहित राहिल्या, त्यामुळे त्यांच्याकडून नाव पुढे सरकलं नाही. ते सरकलं मुलीच्या घरातून.

ही साखळी सावकाश वाचण्यासारखी आहे. राणी मटिल्डाची मुलगी गेरबेर्गा. ती पश्चिम फ्रँकियाचा राजा चौथा लुई याची बायको झाली. गेरबेर्गाच्या मुलीचं नाव मटिल्डा. ती बर्गंडीच्या कोनराड राजाला दिली. तिच्या मुलीचं नाव गेरबेर्गा. ती स्वाबियाच्या ड्यूकला दिली. तिच्या मुलीचं नाव पुन्हा मटिल्डा. ही स्वाबियाची मटिल्डा दुसऱ्या लग्नानं वरच्या लोरेनमध्ये गेली. तिच्या मुलीचं नाव बेआट्रिस, आणि बेआट्रिसची मुलगी मटिल्डा, टस्कनीची काउंटेस, जन्म १०४६. सात बायका, सगळ्या एकीच्या पोटी दुसरी. प्रत्येक वेळी मुलीला आईच्या आईचं नाव दिलं, म्हणून मटिल्डा आणि गेरबेर्गा आलटून पालटून येतात. अपवाद एकच, बेआट्रिस. तिचं नाव बापाकडच्या पणजीचं आहे, आणि तिनं पुढच्या पिढीत आपल्या आईचं नाव ठेवून जुनी रीत परत सुरू केली. सॅक्सनीतून निघालेलं नाव फ्रान्स, बर्गंडी, स्वाबिया, लोरेन करत आपेनीन डोंगरांत पोचलं ते एकाही पुरुषाच्या वारशातून गेलेलं नाही. छापील तक्त्यात या सात बायका पाच-सहा वेगवेगळ्या राजवंशांच्या पानांवर विखुरलेल्या असतात, ‘पत्नी’ या रकान्यात.

त्या काळच्या लोकांना मात्र आईकडची नाती तोंडपाठ होती, आणि त्यामागे व्यावहारिक कारण होतं. चर्चच्या नियमानं सातव्या पिढीपर्यंतचं रक्ताचं नातं लग्नाला आड येई. १००३ मध्ये थियाँव्हिलच्या धर्मसभेत जर्मनीच्या दुसऱ्या हेन्री राजानं याच स्वाबियाच्या मटिल्डाच्या पहिल्या लग्नावर बोट ठेवलं. तिचा नवरा कोनराड हा ऑटोच्या मुलीचा नातू, आणि ती ऑटोच्या बहिणीची पणती. दोघांची मुळं एकाच जोडप्यापाशी, म्हणजे हेन्री आणि पहिल्या मटिल्डापाशी, जाऊन मिळत होती. राजाचा खरा डाव राजकारणाचा असला तरी शस्त्र म्हणून त्याला वंशावळ वापरता आली, कारण बायकांची नावं लक्षात ठेवलेली होती.

टस्कनीच्या मटिल्डाबद्दल लोकांना एक प्रसंग माहीत असतो: जानेवारी १०७७, कानोसाचा किल्ला, आणि दाराबाहेर तीन दिवस पोपची क्षमा मागत थांबलेला जर्मन राजा चौथा हेन्री. किल्ला तिचा होता आणि मध्यस्थांत तीही होती. मला तिची सही अधिक बोलकी वाटते. ती एक क्रूस काढते, त्याच्या चार कोपऱ्यांत नावाची आणि शब्दांची अक्षरं वाटून लिहिते. लॅटिनमधून वाचलं तर अर्थ असा: मटिल्डा, देवाच्या कृपेनं, जी काही असेल ती. नवऱ्याचं नाव नाही, बापाचं नाही, हुद्दाही नाही. १११५ मध्ये ती निपुत्रिक वारली. पुढच्याच वर्षी पाचवा हेन्री तिच्या जमिनींवर हक्क सांगायला आल्प्स ओलांडून आला, तेव्हा त्याच्याबरोबर चौदा वर्षांची त्याची बायको होती. ही बायको म्हणजे सुरुवातीची ‘एम्प्रेस’ मटिल्डा. काउंटेसचे अवशेष सतराव्या शतकात पोप आठव्या अर्बननं रोमला आणवले. सेंट पीटर्समध्ये तिची समाधी आहे, शिल्पकार बेर्निनीच्या आराखड्याची.

इंग्लंडकडे नाव गेलं ते दुसऱ्या फाट्यानं. फ्लँडर्सच्या काउंटच्या घरात ९६१ च्या सुमारास एक सॅक्सन सून आली होती, हेर्मान बिलुंग या सरदाराची मुलगी मटिल्डा. तिच्या वंशात जन्मलेली फ्लँडर्सची मटिल्डा नॉर्मंडीच्या विल्यमला दिली. १०६६ च्या इंग्लंडवरच्या स्वारीत विल्यम ज्या ‘मोरा’ जहाजातून गेला ते तिनंच त्याला दिलं होतं. १०६८ मध्ये वेस्टमिन्स्टरला ती इंग्लंडची राणी म्हणून अभिषिक्त झाली. २ नोव्हेंबर १०८३ ला गेली आणि काँ शहरात तिनंच बांधलेल्या मठात तिला पुरलं. काळ्या दगडाची तिची शिळा तिथे आजही पाहता येते. फ्रान्समध्ये या स्वारीची चित्रकथा सांगणाऱ्या, बायो शहरातल्या प्रसिद्ध भरतकामालाही लोक पिढ्यानपिढ्या ‘राणी मटिल्डाचा पडदा’ म्हणत आले. अभ्यासक मात्र ते तिचं मानत नाहीत. नवऱ्याचा सावत्र भाऊ बिशप ओडो यानं ते इंग्लंडमध्ये करवून घेतलं असावं, असं बहुतेकांचं मत आहे.

स्कॉटलंडच्या राजकन्येच्या, एडिथच्या, बाप्तिस्म्याला ही राणी धर्ममाता होती. ११ नोव्हेंबर ११०० ला एडिथचं लग्न विल्यमचा धाकटा मुलगा पहिला हेन्री याच्याशी झालं आणि ती मटिल्डा झाली. सासूचं नाव सुनेला मिळालं. आपल्याकडे सप्तपदीनंतर ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, त्याची आठवण होणारच. पण इथली निकड वेगळी होती. एडिथ हे जित इंग्रजांचं नाव. नॉर्मन सरदार हेन्री आणि तिला पाठीमागे ‘गॉड्रिक आणि गॉडगिफू’ अशा खेडवळ इंग्रजी नावांनी चिडवत, असं माम्सबरीचा विल्यम या इतिवृत्तकारानं नोंदवलं आहे. नव्या राजवटीत टिकायचं तर कानाला परकं न वाटणारं नाव हवं होतं.

असंच आणखी एकदा झालं. पोर्तुगालच्या पहिल्या राजाची, अफोन्सो हेन्रिकेसची, मुलगी तेरेसा फ्लँडर्सच्या काउंटला दिली, आणि तिकडच्या कागदांत ती मटिल्डा म्हणून वावरते. तिच्या आईचं, साव्हॉयहून आलेल्या राणीचं, नावही हेच होतं. पोर्तुगीज जिभेवर त्याचं माफाल्डा झालं. पुढे पोर्तुगीजांबरोबर अशी जर्मानिक नावं गोव्यात आणि वसईत पोचली. बायकांच्या नावांपेक्षा आडनावांतून ती आपल्या अधिक ओळखीची आहेत. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, आणि फर्नांदोतला शेवटचा तुकडा ‘धाडसी’ या अर्थाच्या गॉथिक शब्दाचा आहे. रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा मुलगा: कीर्ती अधिक सत्ताधीश.

पहिल्या हेन्रीचं घर म्हणजे या नावाची कमाल. आई मटिल्डा. बायको मटिल्डा. औरस मुलगी मटिल्डा. सून मटिल्डा, आंजूच्या काउंटची मुलगी. शिवाय अनौरस मुलींपैकी किमान तिघी मटिल्डा: एक पेर्शची काउंटेस, एक ब्रिटनीच्या ड्यूकची बायको, एक मोंतिव्हिलियेची मठाध्यक्षा. २५ नोव्हेंबर ११२० च्या रात्री ‘व्हाइट शिप’ नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून बुडालं. गादीचा वारस विल्यम छोट्या होडीतून निसटत होता. पेर्शच्या काउंटेसची, या सावत्र बहिणीची, हाक ऐकून तो माघारी वळला आणि दोघंही गेले, असं इतिवृत्तकार सांगतात. त्या एका रात्रीत राजाची एक मटिल्डा बुडाली, सून मटिल्डा विधवा झाली, आणि जर्मनीत असलेली मुलगी मटिल्डा ही त्याचं एकमेव औरस अपत्य उरली.

अशा गर्दीत एखाद्या सनदेत नुसतं ‘मटिल्डा राणी’ दिसलं तर ती कोण, हे ठरवायला काही कामाच्या खुणा आहेत. सर्वांत आधी पदवी. स्टीफनची बायको राणी असण्याबरोबर स्वतःच्या हक्कानं बोलोनची काउंटेस होती, त्यामुळे बोलोनच्या जमिनीचा विषय आला की ती असण्याची शक्यता वाढते. ११४१ नंतरच्या कागदात ‘इंग्रजांची स्वामिनी’ असं असेल तर ती एम्प्रेसच. अभिषेक न झाल्यानं तिनं सहसा इंग्लंडची राणी म्हणवून घेतलं नाही. पण तिच्या शिक्क्यावर ‘रोमनांची राणी’ असं आहे, कारण जर्मनीतला जुना शिक्काच तिनं आयुष्यभर वापरला. त्यामुळे शिक्का आणि मजकूर यांतली पदवी जुळत नाही म्हणून सनद खोटी ठरवणं ही घाई होईल. मग साक्षीदार पाहायचे. बिशप कोण, कुठल्या वर्षी त्या गादीवर आला आणि कधी गेला, यावरून सनदेचा काळ अनेकदा थोड्याच वर्षांपर्यंत आवळता येतो.

सर्वांत जास्त घात करतात त्या मठांच्या मृत्युनोंदी. तिथे प्रार्थनेसाठी फक्त तिथी लिहितात, वर्ष नाही. हेन्रीची राणी मटिल्डा वारली १ मे १११८ ला. स्टीफनची राणी मटिल्डा वारली ३ मे ११५२ ला. लेखनिकाची ओळ एखाद-दोन घरं वरखाली झाली की एक राणी दुसरीच्या जागी जाऊन बसते. अशा वेळी तिथीवर विसंबायचं नाही. त्या मठाला दान कुणी दिलं होतं, आणि नोंद कोणत्या हाताची आहे, म्हणजे पानावरच्या आजूबाजूच्या नोंदी किती जुन्या, ते पाहायचं.

दुसरा घोळ उच्चाराचा. लॅटिन कागदात ‘माथिल्डिस’ लिहिणारा लेखनिक तिला हाक मारताना ‘माओ’सारखं काही म्हणत असे. जुन्या फ्रेंचमध्ये दोन स्वरांमधला ‘त’ गळाला आणि व्यंजनापुढच्या ‘ल’चा ‘उ’ झाला. त्यातून ‘माहाउत’ आणि मग इंग्रजी ‘मॉड’. म्हणून इंग्रजी प्रजेची ‘गुड क्वीन मॉड’ आणि कागदातली राणी मटिल्डा या दोन बायका नाहीत. ती एडिथच आहे. वंशावळीच्या हौशी तक्त्यांत मॉड आणि मटिल्डा या दोन बहिणी म्हणून लावलेल्या दिसतात, तेव्हा जन्मसाल आणि नवरा एकच आहे का एवढं पडताळलं तरी पुरतं. जर्मनीत कंठ्य ‘ख’ टिकला: मेख्टहिल्ड. माग्डेबुर्गची मेख्टहिल्ड तेराव्या शतकात आपले ईश्वरानुभव लॅटिन सोडून लोकभाषेत लिहीत होती. आपल्या संतकवयित्रींच्या वाचकांनी तिच्याकडे जरूर वळावं. डच रूप माख्टेल्ड. इंग्रजीत लाडाचं टिल, टिली, आणि त्यातून टिलटसन हे आडनाव. आईच्या नावावरून आडनाव पडल्याचं हे उदाहरण मला फार आवडतं.

एम्प्रेस मटिल्डाला राज्य मिळालं नाही, तिच्या मुलाला मिळालं. १० सप्टेंबर ११६७ ला ती रूआँला वारली. तिच्या समाधिलेखाचा आशय असा: जन्मानं थोर, लग्नानं थोरतर, अपत्यानं थोरतम, इथे हेन्रीची मुलगी, बायको आणि आई निजली आहे. बाप पहिला हेन्री, नवरा सम्राट पाचवा हेन्री, मुलगा दुसरा हेन्री. ज्या नवऱ्यापासून तो मुलगा झाला तो आंजूचा जेफ्री, हेन्री नसल्यामुळे, या ओळीत बसलाच नाही. लेखकाची कारागिरी उत्तम आहे, पण कानोसाच्या सहीशेजारी ठेवून हा लेख वाचला की मला त्याचा राग येतो. मावसबहिणीशी लढलेली, डिसेंबर ११४२ मध्ये वेढा पडलेल्या ऑक्सफर्डच्या किल्ल्यातून बर्फावरून चालत निसटलेली बाई यात कुठेच नाही.

तिच्या नातीनं नाव घरी परत नेलं. दुसऱ्या हेन्रीची मुलगी मटिल्डा ११६८ मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हेन्री द लायन याला दिली. पहिली मटिल्डा ज्या प्रदेशातून निघाली तिथे पुन्हा एक मटिल्डा नांदायला आली. या जोडप्यानं ब्राउनश्वाइगच्या चर्चसाठी करवून घेतलेली शुभवर्तमानाची पोथी १९८३ मध्ये लंडनच्या लिलावात सव्वातीन कोटी जर्मन मार्कांना विकली गेली. तिच्यातल्या राज्याभिषेकाच्या चित्रात डचेसच्या मागे तिचे वडील उभे आहेत आणि त्यांच्यासोबत तिची आजी, एम्प्रेस मटिल्डा. आई एलिनॉर तिथे नाही. कोणत्या नात्याचा मान मिरवायचा, ते चित्रकारानं पक्कं जाणलं होतं.

या डचेसनं आपल्या थोरल्या मुलीचं नाव मात्र रिखेंझा ठेवलं होतं, नवऱ्याच्या घरातलं. ११८२ मध्ये हेन्री द लायनला जर्मनीतून हद्दपार व्हावं लागलं आणि कुटुंब सासऱ्याच्या आश्रयाला आलं. तिथे दहा वर्षांच्या रिखेंझाची मटिल्डा झाली, जशी तिची खापरपणजी एडिथ झाली होती. ११८९ मध्ये तिचं लग्न पेर्शच्या काउंटशी झालं. त्यामुळे पेर्शच्या कागदांत ‘काउंटेस मटिल्डा’ दोन आहेत: एक ११२० मध्ये बुडालेली राजकन्या, दुसरी सत्तर वर्षांनी आलेली ही. पहिलीच्या काळी काउंट रोट्रू होता, दुसरीच्या काळी जेफ्री. नवऱ्याचं नाव न वाचता यांतल्या एकीचंही दान दुसरीच्या खाती लावू नये.